वस्ती पुढे, रेघ मागे

बदलापूरहून सकाळी मुंबईकडे निघणाऱ्या लोकलमध्ये चौथ्या सीटसाठी रोज धडपडणाऱ्या माणसाला आपला खासदार कोण, हे विचारून पाहावं. बरेच जण क्षणभर थांबतात, आणि त्यात त्यांचा दोष नाही. गाडी बदलापूरला उभी असते तेव्हा ती भिवंडी लोकसभा मतदारसंघात असते. पुढचं स्थानक अंबरनाथ. तिथे कल्याण लोकसभा सुरू होते. उल्हासनगर आणि विठ्ठलवाडी त्याच मतदारसंघात. मग कल्याण जंक्शन येतं. तिथे पूर्वेच्या जिन्याने उतरणारा कल्याण लोकसभेत उतरतो आणि पश्चिमेच्या जिन्याने उतरणारा पुन्हा भिवंडीत. दुर्गाडी किल्ला, जुन्या पेठा, ज्याला पिढ्यानपिढ्या कल्याण म्हटलं ते मूळ गाव, यांतलं काहीच कल्याण नावाच्या लोकसभा मतदारसंघात नाही. बदलापूरकराला भिवंडी गाठायची तर आधी कल्याणला यावं लागतं आणि तिथून रस्त्याने पुढे जावं लागतं.

विधानसभेची विभागणी याहून बारीक आहे. बदलापूर मुरबाडमध्ये, त्यापुढे अंबरनाथ, मग उल्हासनगर, मग कल्याण पूर्व. अर्ध्या तासाच्या आतल्या प्रवासात चार आमदार.

विठ्ठलवाडी या सगळ्याच्या ऐन सांध्यावर आहे. कल्याण आणि उल्हासनगर यांच्यामधलं हे लहान स्थानक. शेजारी एसटीचं आगार, आणि जवळच कल्याण-डोंबिवली महापालिकेची हद्द संपून उल्हासनगर महापालिकेची सुरू होते. नवख्याला एक शहर कुठे संपलं ते सांगता येत नाही. दुकानाच्या पाटीवरचा पत्ता वाचावा तेव्हा कळतं. उल्हासनगरात पत्ता कॅम्पच्या आकड्याने सांगतात. एक, दोन, तीन नंबर रुळांच्या पश्चिमेला. चार आणि पाच नंबर पूर्वेला. घरपट्टी पाचही कॅम्प एकाच महापालिकेला भरतात. आमदार मात्र सगळ्यांचा एक नाही. शहराचा बराच भाग उल्हासनगर मतदारसंघात आहे, पण काही वस्त्या अंबरनाथला जोडल्या आहेत आणि काही कल्याण पूर्वेला.

या रेघा कोणी मारल्या, कशाच्या आधारे मारल्या आणि त्या अशा वेड्यावाकड्या का दिसतात, हे समजून घ्यायला हाच पट्टा उत्तम आहे. कारण इथली वस्ती कधीच एका जागी थांबली नाही, आणि मतदारसंघाची रेघ थांबलेली माणसं मोजूनच मारली जाते.

आज आपण जे गृहीत धरतो, म्हणजे एक भूभाग, त्यातले सगळे सज्ञान मतदार आणि त्यांचा एक प्रतिनिधी, ते भारतात फार जुनं नाही. इंग्रजी अमलात मतदारसंघ आधी माणसांच्या गटांचे होते, जमिनीचे नंतर. १९०९च्या मोर्ले-मिंटो सुधारणांनी मुसलमानांना विभक्त मतदारसंघ दिले. १९१९च्या सुधारणांनंतर मुंबई इलाख्यात मराठा आणि तत्सम जातींसाठी सात जागा राखून ठेवल्या गेल्या. मतदानाचा हक्क थोड्यांनाच, तोही कर, जमीन किंवा शिक्षण पाहून. १९३२च्या ऑगस्टमध्ये जातीय निवाडा आला, त्यावर येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींचं उपोषण झालं आणि २४ सप्टेंबरला पुणे करार झाला. दलितांसाठी विभक्त मतदारसंघ गेले. राखीव जागा आल्या, आणि त्यांची संख्या देशभरात ७१ वरून १४८ झाली. मतदारसंघ सामाईक, जागा मात्र राखीव, ही आजची रचना तिथून निघाली आहे.

१९३७च्या निवडणुकीत मुंबई प्रांतात अनेक सदस्यांचे मतदारसंघ होते, आणि तिथे एक वेगळी सोय होती. जितक्या जागा तितकी मतं, आणि मतदाराला वाटलं तर ती सगळी एकाच उमेदवाराच्या पारड्यात टाकता येत. संख्येने थोड्या असलेल्या समाजाला एकवटून आपला माणूस निवडून आणण्याचा हा मार्ग होता. बाबासाहेब आंबेडकर भायखळा-परळ मतदारसंघातून निवडून आले ते याच पद्धतीत. १९५२ला मुंबई शहर उत्तर या दोन सदस्यांच्या लोकसभा मतदारसंघात ते उभे राहिले तेव्हा नियम बदललेला होता. मतदाराला दोन मतं होती, पण दोन्ही एकालाच देण्याची मुभा नव्हती. राखीव जागेवर नारायण काजरोळकर निवडून आले, बाबासाहेब पडले. या पराभवाची कारणं अनेक होती. तरीही मतं मोजायची रीत आणि मतदारसंघाची घडण यांनी निकालाला किती वळण लागतं, हे महाराष्ट्राने आपल्या सर्वात मोठ्या माणसाच्या बाबतीत पाहिलं आहे.

त्या पहिल्या लोकसभेत ४८९ जागा होत्या आणि मतदारसंघ ४०१. म्हणजे ८६ मतदारसंघ दोन खासदारांचे आणि उत्तर बंगालचा एक तर तिघांचा. ठाणे जिल्हाही त्यातच. १९५२ला ठाण्यातून गोविंद धर्माजी वर्तक आणि अनंत सावळाराम नंदकर असे दोघे गेले. १९५७ला संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत शामराव परुळेकर आणि लक्ष्मण महादू मातेरा. वारल्यांच्या लढ्यात हाडं झिजवलेल्या परुळेकरांना दिल्लीत पाठवणाऱ्या त्या मतदारसंघात डोंगरातले आदिवासी पाडे होते, तशाच उल्हासनगरच्या बराकीही.

या बराकींची गोष्ट इथे सांगायलाच हवी. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्कराची छावणी होती. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना त्या रिकाम्या बराकींत उतरवलं गेलं. ८ ऑगस्ट १९४९ला गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांनी या वसाहतीचं नाव उल्हासनगर ठेवलं. हीच सिंधी कुटुंबं १९३६पर्यंत मुंबई इलाख्याचीच रहिवासी होती, कारण सिंध तोवर मुंबईपासून वेगळा झाला नव्हता. प्रांताची रेघ त्यांच्या डोक्यावरून एकदा गेली, देशाची रेघ दुसऱ्यांदा, आणि मग रुळांच्या दोन्ही बाजूंना बसलेल्या त्या माणसांची नावं कल्याण तालुक्याच्या मतदारयादीत आली. पहिल्या निवडणुकीचे मतदारसंघ तर जनगणनेचे आकडे हाती येण्याआधी, लोकसंख्येच्या अंदाजावर आखले होते. उल्हासनगरसारख्या दोन वर्षांत उभ्या राहिलेल्या गावाचा अंदाज कोण आणि कसा करणार?

दोन खासदारांची पद्धत १९६१च्या कायद्याने संपली. तिचा दोष एका निकालाने उघडा पडला होता. १९५७ला आंध्रातल्या पार्वतीपुरम मतदारसंघात दोन जागांपैकी एक आदिवासींसाठी राखीव होती. मोजणीत पहिल्या दोन क्रमांकांची मतं दोन्ही आदिवासी उमेदवारांना मिळाली आणि खुल्या जागेवर उभे असलेले व्ही. व्ही. गिरी, जे पुढे राष्ट्रपती झाले, ते पडले. न्यायालयाने तो निकाल कायद्याला धरून आहे असं सांगितलं. त्यानंतर सगळीकडे एक मतदारसंघ, एक प्रतिनिधी.

याच सुमारास ठाणे जिल्ह्याच्या नकाशावर नावांचा पाठशिवणीचा खेळ सुरू झाला. १९६२ला भिवंडी नावाचा लोकसभा मतदारसंघ आला आणि तिथून जव्हारचे यशवंतराव मुकणे निवडून गेले. १९६७ आणि १९७१ला ठाणे हे नावच यादीत नव्हतं, भिवंडी होती. १९७७ला उलट झालं: भिवंडी गेली, ठाणे परत आलं आणि रामभाऊ म्हाळगी ठाण्याचे खासदार झाले. भिवंडी पुन्हा अवतरली ती २००८च्या आदेशात, आणि त्याच आदेशाने कल्याणचा स्वतंत्र लोकसभा मतदारसंघ बनवला. डहाणूच्या जागी पालघर आला तोही त्याच आदेशाने.

मधल्या तीस वर्षांत काय झालं, हा या लेखाचा गाभा आहे.

घटनेची अपेक्षा साधी होती. दर दहा वर्षांनी जनगणना व्हावी, त्यानंतर आयोग बसावा आणि जागा नव्याने वाटल्या जाव्यात. १९५२, १९६३ आणि १९७३ला आयोग बसले. महाराष्ट्राच्या विधानसभेच्या जागा राज्यस्थापनेनंतर २६४ होत्या, १९६७ला २७० झाल्या आणि १९७८ला २८८. लोकसभेच्या ४४, मग ४५, मग ४८. तिथेच आकडे थांबले. आणीबाणीत झालेल्या ४२व्या घटनादुरुस्तीने १९७१च्या जनगणनेवर ठरलेल्या जागा २०००नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत गोठवल्या. हेतू असा की ज्या राज्यांनी कुटुंबनियोजन मनावर घेतलं त्यांच्या जागा कमी होऊन त्यांना त्याची शिक्षा होऊ नये. राज्याराज्यांमधला तो युक्तिवाद समजण्यासारखा आहे. पण गोठवताना राज्यांच्या आतल्या रेघाही गोठल्या, आणि त्याचा फटका बसला तो माणसं येत राहिलेल्या भागांना.

१९७१ला ठाणे जिल्ह्याची लोकसंख्या २२ लाख ८१ हजार होती. १९८१ला साडेतेहतीस लाख, १९९१ला साडेबावन्न लाख, २००१ला ८१ लाख ३१ हजार. मुंबईच्या चाळीतली खोली पुरेना म्हणून माणसं डोंबिवलीला आली, डोंबिवलीत भाव चढले म्हणून अंबरनाथला, तिथून बदलापूरला. गिरण्या बंद पडल्यावर लोंढा वाढला. नवी मुंबई उभी राहिली. या सगळ्या काळात जिल्ह्याचे आमदार होते तेरा. १९७८लाही तेरा आणि २००४लाही तेरा.

त्या तेरातला एकेक आमदार २००१च्या गणतीने सव्वासहा लाख लोकांचा प्रतिनिधी होता. मुंबई शहर जिल्ह्यात, म्हणजे कुलाब्यापासून माहीम-सायनपर्यंत, ३३ लाख लोकांना सतरा आमदार होते. माणशी हिशेब एका आमदारामागे दोन लाखांच्याही आत. रत्नागिरी जिल्ह्यात सात आमदार, प्रत्येकी सुमारे २ लाख ४२ हजार. म्हणजे परळची खोली विकून अंबरनाथला ब्लॉक घेणाऱ्या कामगाराच्या मताचं वजन, घर बदलताच, तिसऱ्या हिश्श्यावर आलं. त्याने फक्त पत्ता बदलला होता. त्याचं नाव यादीत होतं, त्याला मतदान करता येत होतं, कोणी त्याला अडवलं नव्हतं. तरीही त्याच्या हक्कातला मोठा भाग हिरावला गेला होता, आणि हे तीस वर्षं चाललं. लोकसभेत तेच. २००४ला ठाणे मतदारसंघात २५ लाखांहून जास्त मतदार होते आणि दक्षिण मुंबईत दहा लाखांच्याही खाली. दिल्लीत तर बाह्य दिल्ली ३३ लाखांच्या घरात आणि चांदणी चौक चार लाखांच्या आत.

इंग्लंडमध्ये १८३२च्या सुधारणेपूर्वी ओल्ड सॅरम नावाचं ओसाड टेकाड पार्लमेंटात दोन सभासद पाठवत असे आणि गिरण्यांनी गजबजलेल्या मँचेस्टरला एकही नव्हता. शाळेच्या इतिहासात ते वाचून आपण नवल करतो. अमेरिकेत १८१२ला मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर एल्ब्रिज गेरी यांच्या कारकिर्दीत आपल्या पक्षाच्या सोयीने आखलेला एक मतदारसंघ सरड्यासारखा दिसला आणि त्यावरून असल्या लबाडीला नावच पडलं. तिथे अनेक राज्यांत आजही विधिमंडळातलं बहुमत रेघा मारतं. भारताने ते काम आयोगाकडे दिलं, हे आपलं भाग्यच. सर्वोच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायाधीश अध्यक्ष, सोबत मुख्य निवडणूक आयुक्त आणि राज्याचे निवडणूक आयुक्त. प्रत्येक राज्यातले पाच खासदार आणि पाच आमदार सहयोगी सदस्य असतात. ते बोलू शकतात, मत देऊ शकत नाहीत. आपल्याकडचं दुखणं वेगळं आहे. आपल्या रेघा उशिराने येतात.

चौथा आयोग न्या. कुलदीप सिंग यांच्या अध्यक्षतेखाली २००२ला नेमला गेला. ८४व्या घटनादुरुस्तीने राज्यांच्या एकूण जागा २०२६नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत गोठलेल्याच ठेवल्या, पण राज्याच्या आत रेघा हलवायला परवानगी दिली; आणि ८७व्या दुरुस्तीने त्यासाठी २००१ची जनगणना धरली. म्हणजे महाराष्ट्राच्या जागा २८८च. त्या कुठे असाव्यात एवढंच ठरवायचं.

हिशेब शाळेतल्या त्रैराशिकाचा आहे. २००१ला राज्याची लोकसंख्या ९ कोटी ६८ लाख ७८ हजार. तिला २८८ने भागलं की एका मतदारसंघाला ३ लाख ३६ हजार माणसं येतात. ठाणे जिल्ह्याच्या ८१ लाख ३१ हजारांना त्या आकड्याने भागा: चोवीस. तेराचे चोवीस झाले. रत्नागिरीच्या १६ लाख ९७ हजारांना भागा: पाच. सातातले दोन गेले. मुंबई शहर सतरावरून दहावर आलं, उपनगर सतरावरून सव्वीसवर गेलं. कोल्हापूर बारावरून दहावर. विदर्भाच्या सहासष्टांच्या बासष्ट झाल्या.

रत्नागिरीतून खेड आणि संगमेश्वर ही दोन नावं विधानसभेच्या यादीतून पुसली गेली. लोकसभेत राजापूर गेलं. मधू दंडवत्यांनी वीस वर्षं दिल्लीत गाजवलेलं राजापूर. कोकणातल्या माणसाला हे लागलं, आणि लागणारच. पण गेलेल्या जागा कुठे गेल्या ते पाहावं. खेड-संगमेश्वरच्या गावांतून जे घराला कडी लावून मुंबईला आले, त्यांची मुलं कळवा, डोंबिवली, बदलापूर इथे राहतात, आणि जागा त्यांच्या मागोमाग त्याच गावांत आल्या. चाकरमान्याच्या घरी एक मत कमी झालं आणि त्याच्याच दुसऱ्या घरी एक वाढलं, असं म्हटलं तर ते बरंचसं खरं आहे. तरी मागे राहिलेल्या म्हाताऱ्यांना आमदाराचं कार्यालय लांब पडलं, हेही खरं आहे. नुसत्या डोकीमोजणीला अंतर दिसत नाही.

आता याच त्रैराशिकाने विठ्ठलवाडी-बदलापूरच्या पट्ट्यातल्या रेघा वाचून पाहाव्यात. बारकाईने पाहिलं की त्या वेड्यावाकड्या वाटत नाहीत.

उल्हासनगर शहराची २००१ची लोकसंख्या होती ४ लाख ७४ हजार. एका मतदारसंघाला हवेत ३ लाख ३६ हजार. आयोग दहा टक्के इकडेतिकडे चालवून घेत होता. म्हणजे शहर एका मतदारसंघाला जास्त आणि दोनांना कमी. एक पूर्ण मतदारसंघ कापून झाल्यावर सव्वा लाखाच्या आसपास माणसं उरतात. ती शेजाऱ्यांना द्यावी लागणार. अंबरनाथ शहरात होते २ लाख ४ हजार, एका मतदारसंघाला कमी. तिथे उल्हासनगरची काही माणसं आली. कल्याण पूर्वेला काही कमी पडत होती, तिथे उरलेली गेली. कॅम्पातल्या माणसाला शेजारच्या गल्लीपेक्षा वेगळा आमदार मिळाला त्याचं कारण हा बाकीचा हिशेब.

बदलापूरचं काय? २००१ला कुळगाव-बदलापूर पालिकेत जेमतेम ९८ हजार माणसं होती. अंबरनाथ आणि बदलापूर मिळून तीन लाखांवर. थोडी गावं जोडली की एकसंध मतदारसंघ झाला असता. तालुका एक, लोकल एक, पाण्याचे प्रश्नही सारखे. पण पूर्वेला मुरबाड होतं. माळशेज घाटापर्यंत पसरलेला हा तालुका दोन लाखांच्याही आतला. एकट्याने त्याचा मतदारसंघ होत नाही. त्याला भरती हवी होती, ती बदलापूरने आणि कल्याण तालुक्यातल्या गावांनी दिली. मुरबाड भिवंडी लोकसभेत, म्हणून बदलापूरही भिवंडीत. हे ९८ हजारांच्या गावाला एक वेळ चाललं असतं. दहा वर्षांत त्याच गावात १ लाख ७४ हजार झाले आणि त्यानंतर रुळांच्या दोन्ही बाजूंना मजल्यांवर मजले चढत गेले. आता मुरबाड मतदारसंघात साडेचार लाखांच्या आसपास मतदार आहेत आणि लहानशा उल्हासनगर मतदारसंघात तीन लाखांच्या आत. एकाच आमदाराकडे माळशेजच्या पायथ्याच्या पाड्यातली पाणीटंचाई आणि बदलापूरच्या टॉवरमधल्या लोकलच्या गर्दीचं गाऱ्हाणं, दोन्ही जातात. दोघांनाही पूर्ण आमदार मिळत नाही.

राजकारण्यांच्या पायाखालची जमीनही अशी सरकली. किसन कथोरे २००४ला अंबरनाथमधून निवडून आले होते. २००९ला अंबरनाथ राखीव झालं आणि बदलापूर मुरबाडमध्ये गेलं. कथोरे मुरबाडमधून उभे राहिले आणि तेव्हापासून तिथलेच आमदार आहेत. आनंद परांजपे २००८च्या पोटनिवडणुकीत ठाण्याचे खासदार झाले आणि वर्षभरात कल्याणचे. रामदास कदमांचा खेड मतदारसंघच नाहीसा झाला. ते २००९ला गुहागरला गेले आणि पडले.

अंबरनाथ राखीव का झालं, याची मुळं १९५६च्या नागपुरात आहेत. धम्मदीक्षेनंतर लाखो लोक बौद्ध झाले आणि केंद्राच्या अनुसूचित जातींच्या यादीतून बाहेर पडले. १९७१च्या जनगणनेत महाराष्ट्रातल्या अनुसूचित जाती सहा टक्के दिसतात त्या यामुळे. त्या हिशेबाने विधानसभेत राखीव जागा होत्या अठरा. १९९०ला कायदा बदलून बौद्धांचा यादीत समावेश झाला. २००१ला टक्का १०.२वर आला आणि राखीव जागा एकोणतीस झाल्या. ती वाढ नव्याने बहाल केलेली मेहेरबानी नव्हती, चौतीस वर्षं मोजली न गेलेली माणसं मोजली गेली, इतकंच. कामगारवस्तीचं अंबरनाथ त्या एकोणतीसांत आलं. २००९पासून तिथे बालाजी किणीकर निवडून येत आहेत. महापालिकेत आरक्षणाची सोडत दरवेळी निघते. विधानसभेत ते पुढच्या फेररचनेपर्यंत हलत नाही. त्यामुळे आरक्षण आपल्याच वाट्याला कायमचं का, अशी कुरकुर खुल्या गटातून ऐकू येते. आयोगाच्या आदेशाविरुद्ध न्यायालयात जाण्याची वाट फार अरुंद आहे. उज्जैनची जागा राखीव केल्याविरुद्ध मेघराज कोठारी सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले होते, आणि १९६६ला न्यायालयाने सांगितलं की राजपत्रात छापलेला आदेश कायद्यासारखाच आहे.

तो आदेश एकदा डोळ्यांखालून घालण्यासारखा आहे. त्यात ना रस्त्यांची नावं, ना सोसायट्यांची. 'उल्हासनगर महानगरपालिका (भाग)' असं लिहून पुढे वॉर्डांचे आकडे येतात. हे वॉर्ड २००१च्या जनगणनेतले. महापालिकेचे वॉर्ड त्यानंतर कितीदा तरी बदलले, विधानसभेची रेघ मात्र जुन्या वॉर्डांच्या कडेनेच जाते. त्यामुळे आज नगरसेवकाच्या एकाच प्रभागात दोन आमदारांचे मतदार असू शकतात. नाला तुंबला तर नगरसेवक एक, आमदारनिधी मागायचा तर गल्लीच्या या बाजूला एक अर्ज आणि त्या बाजूला दुसरा.

महापालिकांच्या पातळीवर तर रेघा कधी सुकल्याच नाहीत. १९८३ला कल्याण महापालिका झाली तेव्हा तिच्यात डोंबिवलीबरोबर अंबरनाथ आणि बदलापूरही होती. १९९२ला ही दोन गावं बाहेर पडली आणि त्यांच्या वेगळ्या नगरपालिका झाल्या. सत्तावीस गावं महापालिकेत घेतली, २००२ला वगळली, २०१५ला परत घेतली. लोकसभेतून १९६१ला हद्दपार झालेली अनेक-सदस्य पद्धत शहरांत पॅनल होऊन परत आली. २००२ला तीन नगरसेवकांचा प्रभाग, २००७ला एकाचा, २०१२ला दोघांचा, २०१७ला चौघांचा. उल्हासनगरच्या ७८ नगरसेवकांची निवड २०१७ला चार-चारांच्या, क्वचित तिघांच्या पॅनलमधून झाली. सरकार बदललं की प्रभाग बदलतो. मार्च २०२२ला तर विधिमंडळाने प्रभाग आखण्याचा अधिकारच राज्य निवडणूक आयोगाकडून काढून सरकारकडे घेतला. लोकसभा-विधानसभेच्या रेघा सत्ताधाऱ्यांच्या हातात नसाव्यात म्हणून देशाने एवढी काळजी घेतली. माणसाच्या दाराशी असलेल्या निवडणुकीत ती घेतली नाही, हे चुकीचं आहे आणि ते बदललं पाहिजे.

२००८ची घडीही आता जुनी झाली. चोवीस आमदारांपैकी सहा १ ऑगस्ट २०१४ला नव्या पालघर जिल्ह्यात गेले, ठाण्याकडे अठरा राहिले. २०२४ला ठाणे लोकसभा मतदारसंघात २५ लाखांवर मतदार होते, रत्नागिरी-सिंधुदुर्गात साडेचौदा लाख. विधानसभेला चिंचवड आणि पनवेल साडेसहा लाखांच्या घरात, मुंबईतलं वडाळा दोन लाखांच्या आसपास. पुन्हा तिप्पट फरक.

महाराष्ट्रात २०११च्या जनगणनेवर लोकसभा-विधानसभेची फेररचना झाली नाही. झाली असती तर, राज्याच्या जागा २८८च धरून, एका मतदारसंघाला ३ लाख ९० हजार माणसं आली असती. अविभाजित ठाण्याची १ कोटी १० लाख लोकसंख्या त्या वेळी देशातल्या सगळ्या जिल्ह्यांत सर्वात मोठी होती. तिला अठ्ठावीस जागा मिळाल्या असत्या. रत्नागिरीच्या पाचाच्या चार. मुंबई शहराच्या दहाच्या आठ, उपनगराच्या सव्वीसच्या चोवीस. आपल्या छत्तीस आमदारांपैकी चार कमी होतील ही गोष्ट मुंबईकराने अजून कानावर घेतलेली नाही. देशभर चर्चा चालते ती दक्षिण आणि उत्तरेची: तमिळनाडू, केरळ यांच्या जागा घटतील का, उत्तर प्रदेशाच्या किती वाढतील. ती चर्चा गंभीर आहेच. पण राज्याच्या पोटातली ही दुसरी ओढाताण, गाव आणि मुंबई यांच्याकडून ठाणे-पुण्याच्या पट्ट्याकडे सरकणारं राजकीय वजन, तिच्याविषयी मराठीत फारसं कोणी बोलत नाही.

पुढच्या जनगणनेचा संदर्भ दिवस १ मार्च २०२७ असा जाहीर झाला. २०२६नंतरची पहिली जनगणना तीच, म्हणजे ८४व्या दुरुस्तीने घातलेली मुदत तिथे येऊन ठेपते. २०२३च्या १०६व्या दुरुस्तीने लोकसभा आणि विधानसभेत स्त्रियांना दिलेल्या एक तृतीयांश जागाही जनगणना आणि त्यानंतरची फेररचना यांच्याशीच बांधलेल्या आहेत.

प्रगणक बदलापूरला येईल तेव्हा त्याला गेल्या गणतीत नसलेल्या इमारतींच्या रांगा दिसतील. घरातले निम्मे लोक पहाटेच्या लोकलने बाहेर पडलेले असतील. रात्री नऊनंतर भेटा, असं शेजारीण सांगेल. एखाद्या घरात आजी म्हणेल की आमचं खरं घर संगमेश्वरला, नाव तिथेच घाला. प्रगणकाला तिला समजावून सांगावं लागेल की ती जिथे राहते तिथेच मोजली जाते, आणि ती मोजली गेली नाही तर या गावाच्या हिशेबात एक माणूस कमी पडेल.